नळी कारखान्याची, दस्ता आपल्या मापाचा

जिल्हा शालेय नेमबाजी स्पर्धेत ओपन साइटवर (उघड्या खाचेतून नेम धरत) एक-दोन वर्षं काढली की पीप साइटची (बारीक भोकातून नेम धरायची) स्वतःची रायफल घ्यायची वेळ येते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून अलिबाग, चिपळूण, कुडाळकडचे पालकही हा खर्च गांभीर्याने मोजू लागले आहेत. मग दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, जर्मन कंपनीची तयार रायफल घ्या आणि तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, चांगली नेमबाजी मापाच्या बांधीव रायफलीनेच होते, सगळं बेतून घ्या.

माझं मत आधीच सांगतो. पैसे मोजके असतील तर नळी, ट्रिगर आणि हवेची यंत्रणा कारखान्याची घ्या, वापरलेली मिळाली तरी चालेल. दस्त्याच्या, म्हणजे नळी धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, अंगाला टेकणाऱ्या चार जागा मात्र स्वतःच्या मापाने बेतून घ्या: खांदा, गाल, मुठीची पकड आणि पुढच्या हाताचा आधार. बांधणीचे पैसे या चार जागांवरच खर्च व्हायला हवेत.

बांधीव रायफलीचं वेड आपल्याकडे आलं ते अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीतून. तिथे बारुदाच्या काडतुसांच्या रायफली असतात. गरम वायूंनी नळीचा चेंबरजवळचा (काडतूस बसतं त्या जागेजवळचा) भाग झिजतो आणि ६.५ मिलिमीटर गटातल्या काडतुसांना दोन-तीन हजार फैरींनंतर नवी नळी बसवावी लागते. नळी बदलायचीच आहे तर चांगल्या कारागिराकडून चेंबर कापून, हेडस्पेस (काडतुसाच्या मागची मोकळीक) नीट जुळवून घ्यावी, असा त्यांचा हिशोब आहे आणि त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. दहा मीटर एअर रायफलमध्ये यातलं काहीच घडत नाही. शिशाचा अर्ध्या ग्रॅमचा पेलेट (छर्रा), मागे थंड हवा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. असं बॅरल (नळी) नीट सांभाळलं तर खेळाडूची सगळी कारकीर्द पुरतं. ते बदलण्यासाठी पैसे राखून ठेवण्यात अर्थ नाही.

कायद्याची बाजूही पाहा. ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. मॅच (स्पर्धेच्या) रायफलची ऊर्जा साधारण ८ ज्यूल असते, त्यामुळे ती आरामात या मर्यादेत बसते. .२२ किंवा त्यापुढच्या काडतुसी बंदुकीचं मात्र वेगळं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दुरुस्ती आणि फेरफारसुद्धा परवानाधारकानेच करायचे असतात. गावातल्या लेथवाल्याकडून .२२ ची नळी बसवून घेणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही हुशार कारागीर असो.

आता अचूकतेचे आकडे. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. पेलेटचा मध्य केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला तर १०.० मिळतात. दर पाव मिलिमीटर आत गेलात की एक दशांश वाढतो, असं करत १०.९ पर्यंत. चांगल्या कारखान्याची मॅच रायफल शिकंजात बांधून, जुळणाऱ्या पेलेटने मारली तर दहा शॉटांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सहा-साडेसहा मिलिमीटरात बसतो. पेलेटची रुंदी ४.५ वजा केली की मध्यांचा पसारा उरतो दोन मिलिमीटर, म्हणजे केंद्रापासून फार तर एक. नुसत्या रायफलीचा सगळ्यात वाईट शॉट १०.६ चा. सरासरी ९.८ मारणारा मुलगा केंद्रापासून पावणेतीन-तीन मिलिमीटर लांब असतो. त्यातले दोन मिलिमीटर त्याच्या उभं राहण्यातले, ट्रिगरमधले आणि रायफल अंगाला कशी बसते यातले आहेत. ते दोन मिलिमीटर महागड्या नळीने भरून निघत नाहीत.

म्हणूनच फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ, स्टायर, पार्दिनी यांच्यापैकी कोणाची घ्यावी यावर महिनाभर वाद घालणं मला पटत नाही. सगळ्यांची बॅरलं तुमच्या-आमच्यापेक्षा अचूक आहेत. जवळच्या रेंजवर किंवा पनवेल, मुंबई, पुण्यात ज्या कंपनीचं सील, ओ-रिंग आणि दुरुस्ती मिळते तीच घ्या. सिंधुदुर्गातून एका सीलसाठी रायफल परदेशी पाठवली तर अख्खा हंगाम हातचा जातो.

तयार रायफलीतही दोन थर आहेत. वरच्या थरात ॲल्युमिनियमचा दस्ता, सगळीकडे स्क्रू, सगळं सरकतं. खालच्या थरात फाइनवर्कबाऊ ५०० सारख्या लाकडी दस्त्याच्या क्लब रायफली येतात. त्यांत बॅरल आणि ट्रिगर चांगलेच असतात, कमी असतात ती समायोजनं. वाढ पूर्ण झालेल्या माणसाला लाकडी क्लब रायफल आणि वर वेगळा घेतलेला चांगला बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) हा सगळ्यात स्वस्त आणि पुरेसा मार्ग आहे. मेक, टेक-ह्रो, जेमिनी यांचे बट प्लेट आणि गालपट्ट्या सुट्या मिळतात, पण ऑर्डर देण्याआधी मागच्या दांड्याचा व्यास आणि स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. एका कंपनीचा दांडा दुसऱ्याच्या भोकात जात नाही आणि परत पाठवायचा खर्च आपल्याच माथी येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी मात्र ॲल्युमिनियमचा, लांबी वाढवता येणारा दस्ताच घ्या. या वयात वर्षभरात हात इतका वाढतो की नेमक्या मापाने कोरून घेतलेला लाकडी दस्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत आखूड झालेला असतो, आणि एकाच्या मापाचा दस्ता दुसरा विकत घेत नाही.

वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे. ती गाठलीच पाहिजे असं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला चार-साडेचार किलो पुरे, वजनाचे तुकडे नंतर लावता येतात. बांधून घेणारे इथे हमखास फसतात. जड चेसिस (धातूचा दस्ता), वर जाड गालपट्टी, मग बॅरलवर वजन, आणि तपासणीच्या काट्यावर ५.६ निघतात. मापांचंही तसंच. मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून नळीच्या टोकापर्यंत ८५० मिलिमीटर, दस्त्याचा पुढचा भाग नळीच्या मध्यरेषेपासून खाली १२० मिलिमीटरपर्यंत, मुठीचा बाजूला आलेला भाग ६० मिलिमीटरच्या आत. सुताराकडे जाण्याआधी चालू नियमपुस्तकातून ही मापं कागदावर लिहून न्या.

समायोजनाचा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. आधी बट प्लेटची उंची आणि लांबी. मग गालपट्टी, म्हणजे डोकं सरळ ठेवून, मान न वाकवता डोळा पीपच्या मागे आला पाहिजे. त्यानंतर पुढच्या हाताचा आधार, मग साइट, सगळ्यात शेवटी ट्रिगरचं अंतर. एका वेळी एकच स्क्रू हलवा, बट पाच-पाच मिलिमीटरने, गालपट्टी दोन-तीनने, आणि प्रत्येक बदलानंतर किमान चाळीस शॉट मारा. जॅकेट घालूनच मापं घ्या, टी-शर्टवर घेतलेली लांबी जॅकेटवर जास्त ठरते. तपासायची रीत सोपी आहे: नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट सरकून ज्या बाजूला गेली असेल तिकडे शरीर आपोआप जातंय. आडवी सरकली तर पाय फिरवा, उभी सरकली तर बट किंवा हाताचा आधार बदला. हातांनी ओढून मध्यावर आणू नका. प्रत्येक स्थितीला स्क्रूजवळ मार्करने रेघ मारून वहीत आकडा लिहा, मग चाळा करून बिघडलेलं माप परत मिळतं.

मुठीची पकड हाच बांधणीचा खरा विषय आणि ती घरीच सुरू करता येते. कारखान्याच्या लाकडी मुठीवर आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे चुकलं तर सगळं उतरवता येईल. त्यावर एम-सील. दोन्ही भाग समसमान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा आणि तळव्याच्या पोकळीत येईल असा तीन-चार मिलिमीटरचा थर द्या. हातात पातळ मोजा, वरून पाण्याचा हात. मग जॅकेट घालून, रायफल खांद्याला लावून, पूर्ण पवित्र्यात हळुवार पकडा. दाबायचं नाही. दाबून घेतलेली मूठ दाबल्याशिवाय बसत नाही आणि तो दाब पुढे ट्रिगरवर उतरतो. मनगट सरळ असावं आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर काटकोनात यावा. तसं नसेल तर शॉट आडवे पसरतात. चोवीस तास वाळू द्या, १२० च्या आणि मग २४० च्या पॉलिशपेपरने घासा, दोन आठवडे मारा, खुपेल तिथे पुन्हा घासा. दोन-तीन फेऱ्यांत आकार पक्का होतो.

त्याच आकाराची लाकडी मूठ करून घ्यायची असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळणी करणाऱ्या कारागिरांसारखे हात महाराष्ट्रात दुसरीकडे सहज मिळणार नाहीत. फक्त लाकूड तुम्ही ठरवा. खेळण्यांचा पांगारा हलका असला तरी मऊ आहे, स्क्रूचं भोक वर्षभरात सैल होतं. आंबा दमट हवेत फुगतो आणि त्याला कीड लागते. जुन्या वाड्याच्या तुळईचा, मुरलेला साग किंवा शिसव घ्या. शिसवीचा भुसा नाका-घशाला झोंबतो, घासताना तोंडावर मास्क हवा. व्हर्निश लावू नका. घामाच्या हातात ते निसटतं, आणि आपल्याकडे घाम बारा महिने असतो. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये एक दिवस. आडव्या कापाच्या टोकांना जास्त द्या, ओल तिथूनच शिरते. बोल्टसाठी लाकडात पितळी बुश बसवा, नुसत्या लाकडातला आटा टिकत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा भाग, जो देशावरचे सल्लागार सांगत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत खारं वारं. मॅच रायफलला २०० बारची हवा लागते आणि इथे हवेबरोबर पाणी येतं. हिशोब करा. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, ८५ टक्के आर्द्रतेला २५-२६ ग्रॅम. पाव लिटरपेक्षा थोडा लहान, ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत रिकाम्यापासून भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. त्यात एक ग्रॅम पाणी असतं आणि दाबाखाली ते जवळजवळ सगळं द्रव होतं. हातपंपाने भरणाऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात) हे पाणी पोचतं, आत गंज धरतो, सील खराब होतं आणि वेग डळमळतो. हातपंप वापरायचाच असेल तर त्याला सुकवणीचा फिल्टर लावा, त्यातले दाणे रंग बदलले की बदला, दर ५० बारला थांबून पंपाचा निचरा उघडा आणि पंप गार होऊ द्या.

यापेक्षा चांगला उपाय मालवण-तारकर्लीत आहे. स्कुबाचे कॉम्प्रेसर श्वासाची हवा भरतात, त्यामुळे ती गाळलेली आणि कोरडी असते. १२ लिटरचा, २०० बारचा डायव्हिंग सिलिंडर आणि रायफलच्या कंपनीचा डिन ॲडॉप्टर (दोन्ही सिलिंडर जोडणारा तुकडा) एवढं असलं की १०० बारवर आलेला रायफलचा सिलिंडर वीस वेळा भरल्यावरही मोठ्यात १७० बारच्या आसपास दाब उरतो. एका क्लबने मिळून एक घेतला तरी पुरतो. झडप हळू उघडा, घाईने भरलेला सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर दाब खाली येतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा त्या बंद होण्याआधीच मोठा सिलिंडर भरून ठेवा. आणि हे ठळकपणे लिहितो: वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही, एकदाही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. त्याच कारणाने हवेच्या यंत्रणेत मशीनचं तेल घालू नका. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच.

फोमची पेटी प्रवासापुरती. जून ते सप्टेंबर त्यात रायफल ठेवली तर फोम ओल धरतो आणि ट्रिगरच्या पिना तांबूस होतात. लाकडी कपाटात उभी ठेवा, खाली १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब चालू ठेवा (एलईडीचा उपयोग नाही, त्याला पुरेशी ऊब नसते) आणि सिलिका जेल दर पंधरा दिवसांनी भाजून घ्या. ॲल्युमिनियमच्या दस्त्यात साधे लोखंडी स्क्रू असतील तर खाऱ्या हवेत ते जखडतात. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, ३०४ वर समुद्राजवळ ठिपके पडतात. आट्यांना किंचित ग्रीस लावा. लाकडी दस्ता घेतला असेल तर मेकॅनिझमचे स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळा आणि मृगात, दसऱ्याला, होळीला पुन्हा तपासा. लाकूड फुगतं-आकसतं तसा हा ताण बदलतो आणि शून्य, म्हणजे जुळवलेला नेम, सरकतं. खेळाडूला वाटतं आपणच बिघडलो.

पैशांची वाटणी करताना बहुतेक जण सगळं रायफलीत घालतात, ही चूक आहे. दिवसाला १०० शॉट, वर्षाला २५० दिवस धरले तर २५,००० पेलेट, म्हणजे ५०० चे ५० डबे. हा खर्च दर वर्षी येतो. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच अशा मॅच पेलेटांचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ चे डबे घेऊन रायफल शिकंजात बांधा (चामड्याच्या तुकड्यांमध्ये, सिलिंडरवर दाब न देता), प्रत्येकाचे दहा-दहाचे तीन ग्रुप मारा आणि सगळ्यात लहान येईल त्याच लॉटचे वर्षभराचे डबे उचला. सरावाचा निम्मा भाग ड्राय (पेलेट न भरता) ठेवला तर पेलेट निम्मे लागतात, मॅच ट्रिगरना ती सोय असतेच. दुसरा खर्च जॅकेटचा. रायफलीपेक्षा जॅकेट मापाने शिवून घेणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण पाठीचा आधार तेच देतं. २.५ मिलिमीटर जाडीची मर्यादा आहे. पावसाळ्यात जॅकेट ओल धरून मऊ पडतं आणि बुरशी येते, सरावानंतर पंख्याखाली उघडं टांगा, उन्हात नको. शंभर रुपयांतले पंचावन्न रायफलीला, वीस जॅकेट-पॅंट-बुटांना, पंधरा पेलेटांना आणि दहा मूठ, बट, हवेच्या सोयीला, ही माझी वाटणी.

वापरलेली रायफल बघायला जाल तेव्हा क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) बरोबर न्या. वीस शॉटांचा वेग लिहा. सेकंदाला तीन मीटरच्या आत फरक राहिला तर रेग्युलेटर ठीक. पाच मीटरचा फरक दहा मीटरवर शॉट साधारण एक मिलिमीटरने वर-खाली हलवतो, म्हणजे चार दशांश. मग रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवा आणि एक शॉट मारा. तो बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर रेग्युलेटरचं सील गळतंय, दुरुस्तीचा खर्च धरा. सिलिंडर २०० ला भरून रात्रभर ठेवायची मुभा मागा, सकाळी काटा खाली आला तर गळती आहे. नळीच्या टोकाची कड भिंगातून पाहा, टवका दिसला तर सोडून द्या. दस्त्याचे सगळे स्क्रू फिरवून पाहा, जखडलेला एक जरी निघाला तरी रायफल समुद्राजवळ उघडी पडून होती असं समजा. कारखान्याचं टेस्ट कार्ड, जादा ओ-रिंग, ॲडॉप्टर आणि पावती मागून घ्या. आणि हे सगळं करण्याआधी सिलिंडरवर कोरलेली मुदत वाचा. जर्मन सिलिंडरांना बहुधा दहा वर्षांची असते, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा आणि मगच पुढे बोला.